पाईप झोपतो ती जागा

"टांगायचं हाय मालक, बांधायचं न्हाय," असं म्हणून मामा आधी उजवा तळहात पँटला पुसायचे. दोनदा, एकदा सुलटा आणि एकदा पालथा. मग तो हात गाडीच्या पत्र्यावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि आमच्यातून निघून जायचे. त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यामुळे डोळे मिटले की त्यांना हाक मारायची काही सोयच उरायची नाही. हात सांगेल तेवढंच जग शिल्लक राहायचं.

मामा माझ्या गॅरेजात सायलेन्सरचं काम करायचे. ते नात्यानं कुणाचेच मामा नव्हते, पण शुक्रवार पेठेपासून स्टेशनपर्यंत गाडीवाले त्यांना मामाच म्हणत. मी जोरकस गाड्यांचं काम करतो. इंजिनाची ताकद वाढवायची, मोठा पाईप घालायचा, गाडी बसकी करायची, असली कामं. सोलापुरात असल्या गाड्या चालवतं कोण, असं पुण्याचे पाहुणे तोंड वाकडं करून विचारतात. मी त्यांना म्हणतो, एकदा येऊन बघा. कलबुर्गी, विजापूर, लातूरहून माझ्याकडे गाड्या येतात. पण खरं सांगायचं तर त्या माझ्यासाठी येत नव्हत्या. मामांसाठी येत होत्या. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, फक्त मी ते कधी तोंडानं म्हटलं नाही.

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत जो लांबलचक पाईप जातो, तो गाडीच्या पोटाला रबरांनी टांगलेला असतो. पाईपाला लोखंडी आकडे, गाडीला लोखंडी आकडे, आणि मध्ये रबर. इंजिन जोरात ओढायला लागलं की कुशीवर वळल्यासारखं हलतं, पाईप त्याच्याबरोबर हलतो, आणि तापला की चांगला बोटभर लांबतो. त्याला गच्च बांधला तर त्याची सगळी थरथर पत्र्यात शिरते आणि पत्र्यातून बसणाऱ्याच्या डोक्यात. फार सैल सोडला तर तो खालून धडका मारत बसतो. मध्येच कुठेतरी बरोबर माप असतं. मी डिप्लोमाला असताना हे सगळं आकृत्यांसकट शिकलो होतो आणि मार्कही चांगले मिळवले होते. पण ते माप सापडायचं मामांच्या हाताला.

त्यांची पद्धत अशी. गाडी गॅरेजातल्या कामाच्या खड्ड्यावर घ्यायची. पाईप थंड असतानाच मी इंजिन चालू करायचं आणि मामांनी खाली उतरून पाईपावरून बोटं पुढे पुढे नेत जायचं, तापायच्या आत. एका जागी ती बोटं थांबायची. "हितं झोपतो," असं म्हणून मामा खिशातल्या वेल्डिंगच्या खडूनं तिथं रेघ मारायचे. सगळा पाईप थरथरत असला तरी त्यात एखादी जागा जवळजवळ गप्प असते, ती ही. आकडा तिथंच लावायचा, म्हणजे थरथर वर चढत नाही. तो खडू साधा नाही, पाईप लाल झाला तरी त्याची रेघ जात नाही.

मामांचे कान यंत्रमागांनी नेले. अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावातून ते पोरवयात सोलापूरला आले आणि चादरीच्या कारखान्यात मागावर उभे राहिले. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींच्या वर दिवसभर मागांची खडखड. चाळिशीला येईपर्यंत त्यांना समोरच्याचे ओठ बघितल्याशिवाय काही समजेनासं झालं. कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून बिऱ्हाडं होती आणि त्यांच्या फळीवरची भांडी दिवसभर वाजायची. तक्रारी आल्या तेव्हा मामांनी जुन्या टायरचे तुकडे कापले आणि मागांच्या पायांखाली सारले. कुठल्या पायाखाली केवढा जाड, हे हात भिंतीला लावून ठरवलं. भांडी वाजायची थांबली. मी तेव्हा त्याच भिंतीपलीकडे भाड्यानं राहत होतो. आमच्या फळीवरचा तांब्या गप्प झाला तसा मी उठून पलीकडे गेलो, कोणी केलं म्हणून विचारायला. असे ते मला सापडले.

एकदा सवय लागली की ती सगळीकडे जाते. एस.टी.त बसले की मामा खिडकीच्या दांडीला हात लावायचे आणि मग उठून ड्रायव्हरला सांगायला जायचे, की डाव्या अंगाचं रबर गेलंय. ड्रायव्हर काय म्हणाला ते ऐकू येत नसे, हे एक बरंच होतं. माझ्या घरी पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पाणी घ्यायला उठले आणि फ्रिजला हात लावून उभेच राहिले. बायको घाबरली, म्हातारा चिकटला की काय म्हणून. मामा म्हणाले, "ताई, ह्याचा एक पाय अधांतरी हाय की." पुठ्ठ्याची घडी सारली आणि सहा वर्षं घरघरणारा फ्रिज त्या दिवसापासून कसा शिस्तीत राहायला लागला. बायकोला त्यानंतर माझ्या डिप्लोम्याचं फारसं कौतुक उरलं नाही.

पण एवढ्या हाताला एक गोष्ट कळत नसे. पाईपाचा आवाज बाहेर दमदार हवा आणि आत गाडीत नको, हे गिऱ्हाईकांचं मागणं. एका ठराविक वेगाला असल्या गाड्या आतून घूं करून घुमायला लागतात, दहा मिनिटांत डोकं धरतं. पत्र्याची थरथर मामांना कळायची, घुमणं कळायचं नाही. म्हणून आमच्यात वाटणी झाली होती. मी स्टिअरिंगवर बसून इंजिनाचा वेग हळूहळू चढवायचो, मामा मागच्या सीटच्या पायाशी, पायपुसणं काढून, तळहात पत्र्यावर टेकून बसायचे. मी आरशातून त्यांच्याकडे बघायचो. त्यांनी "थांबलं का?" विचारायचं, मी ओठ नीट हलवून सांगायचं. माझा कान आणि त्यांचा हात एक बोलले की मामा म्हणायचे, "साकु." कानडीत पुरे म्हणायचं ते. साकु म्हटल्याशिवाय गाडी माझ्या दारातून बाहेर पडायची नाही, हा नियम त्यांनी घातलेला आणि मी पाळलेला.

मग त्यांना साखर निघाली. पावलांना मुंग्या यायला लागल्या, पुढे कधीमधी सकाळी बोटांची टोकं बधिर वाटायला लागली. ते हे कुणाला सांगत नव्हते. मला एका दुपारी डबा खाता खाता सांगितलं. भाकरीचा तुकडा बोटांत धरला होता आणि त्याच्याकडे बघत होते.

"कान गेलं, त्याचं काय न्हाय मालक," ते म्हणाले. "कानाचं काम हातानं केलं. आता हात गेला तर मी कुटं जाऊ?"

मी म्हणालो, "काही जात नाही हात. गोळ्या वेळेवर घ्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक पितळी वाटी आणली. तेव्हापासून गाडीच्या पत्र्यावर एका बाजूला त्यांचा तळहात आणि एका बाजूला पाण्याची वाटी. आधी हातानं ठरवायचं, मग डोळे उघडून पाण्याकडे बघायचं, पाणी हलतंय की थांबलंय. आपल्याच हाताची परीक्षा घ्यायचे रोज. मी आरशातून बघत असे. हात एकदाही चुकला नाही. दर वेळी पाण्याकडे बघून त्यांचा चेहरा असा सुटायचा, की मलाच मान वळवावीशी वाटे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

एक गिऱ्हाईक होतं. तरुण, पैसेवाल्या घरचा, पण माणूस वाईट नाही. जुनी परदेशी गाडी घेतली होती आणि तिला भला मोठा तयार सायलेन्सर मागवला होता, आकडे आधीच जोडलेला. बरोबर लाल रंगाची कडक रबरं. मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून आणलेली. त्याला हैदराबादला शर्यतीच्या मैदानावर गाडी पळवायची होती आणि त्याच संध्याकाळी तिथं पोचायचं होतं. मामांनी एक लाल रबर घेतलं, दोन बोटांत दाबलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"हे रबर न्हाय. हाड हाय."

पुढच्या दोन जागी मामांनी आपली मऊ रबरं बसवली. मागच्या जागी पोरानं हट्टानं लालच लावायला लावलं. मग आम्ही नेहमीसारखे बसलो, मी पुढे, मामा मागे. वेग चढवत नेला, आणि त्या ठराविक जागी गाडी घुमली. माझ्या कानाला स्पष्ट लागलं. माझ्या दातांना लागलं म्हटलं तरी चालेल.

"अजून हाय," मामा मागून म्हणाले. पाईप निवल्यावर खड्ड्यात उतरले, मी पुन्हा इंजिन धरलं, आणि बाहेर येऊन मला बोलावून पाईप दाखवला. तयार आलेला आकडा जिथं होता त्याच्या चार बोटं पुढे त्यांनी पांढरी रेघ मारली होती. "हितं झोपतो. आकडा कापून हितं घ्यायला पायजे. हितं न्हाय घेतला तर मोडंल."

कापायचा, घासायचा, जोडायचा, परत बसवायचा. दोन तास. पोरगा डोक्यावर उभा, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत. सकाळपासून माझा चहा झाला नव्हता आणि बाहेर आणखी तीन गाड्या लागल्या होत्या. कारणं सांगतोय, कळतंय मला. कारणांना काही कमी नसते.

मी लाल रबर नुसतं काढून फिरवून बसवलं आणि मामांना म्हणालो, "परत एकदा बघू." पुन्हा बसलो. पुन्हा वेग चढवला. पुन्हा घुमली.

"थांबलं का?" मामांनी विचारलं.

मी आरशात बघून म्हणालो, "थांबलं."

मामांनी डोळे उघडले. आरशात माझ्या ओठांकडे बघितलं. "थांबलं?"

"हो. थांबलंय."

"मला हाताला लागतंय."

"नाही मामा. काही नाही."

"वाटी द्या की जरा."

वाटी त्या दिवशी पुढे, स्टिअरिंगपलीकडच्या फळीवर राहिली होती, माझ्या हाताच्या अंतरावर. मी म्हणालो, "वाटी कशाला? मी ऐकतोय ना."

त्यांनी हात उचलला आणि उलटा करून बघितला. तो पँटला पुसला, सुलटा, पालथा, आणि पुन्हा पत्र्यावर टेकला. मी इंजिन बंद केलं. पाईप जरा निवल्यावर ते खड्ड्यात उतरले आणि अंगठ्यानं ती पांढरी रेघ पुसायला लागले. मी वरून बघत होतो. साकु ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. गाडी गेली.

नळदुर्गच्या पुढे आकडा मोडला. पाईप मागून सुटून रस्त्यावर आपटला, गाडी भोवंडली आणि कडेच्या शेतात गेली. जीव वाचला, पण पोराच्या कपाळाला टाके पडले आणि मनगट मोडलं. दोन दिवसांनी तो प्लास्टर घातलेला हात घेऊन माझ्या गॅरेजात आला. गाडीबरोबर तुटलेला पाईपही टेम्पोत होता. तो माझ्यावर ओरडला ते बरोबरच होतं. मग म्हणाला, "बहिऱ्या म्हाताऱ्याच्या भरवशावर गाडी दिली, मलाच अक्कल नाही."

मामा माझ्या शेजारी उभे होते. त्यांना ऐकू आलं नाही, पण ओठ दिसले. ते पुढे झाले आणि त्या पोराला म्हणाले, "चूक माजी हाय, साहेब. मालकांचा काय दोष न्हाय. माज्या हातानं दगा दिला."

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी बोलायचं होतं. मीही तेच म्हणतो. रोज म्हणतो. पण गिऱ्हाईक समोर होतं, बाहेरचे लोक गोळा झाले होते, आणि मी मनाशी म्हणालो, हा पोरगा गेला की सांगू. पोरगा गेला. मामा वाटी फडक्यात गुंडाळत होते. मी म्हणालो, उद्या सांगू. संध्याकाळी त्यांनी खडू माझ्या टेबलावर ठेवला.

"उद्यापास्नं येत न्हाय मालक. हात खोटं बोलाय लागला. कुणाचा जीव जाईल."

मी म्हणालो, "मामा, बसा. चहा घ्या." एवढंच म्हणालो.

मुलीकडे मंगळवेढ्याला गेले ते. जावयाची पिठाची गिरणी आहे. मी दर आठवड्याला ठरवायचो की येत्या रविवारी जायचं. रविवारी गाड्या जास्त येतात. दिवाळी गेली, हुरडा गेला, उन्हाळा लागला. एक दिवस भंगारवाला आला आणि मागच्या कोपऱ्यातला तो तुटका पाईप ओढून म्हणाला, हा भंगारात घालू का. पाईप गंजला होता सगळा. आणि मोडलेल्या आकड्याच्या चार बोटं पुढे ती पांढरी रेघ होती, अंगठ्यानं फासलेली, पण होती. मी तेवढा तुकडा कापून घेतला, पेपरात गुंडाळला आणि दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मंगळवेढ्याला गेलो.

गिरणी चालू होती. ज्वारीच्या पिठाचा वास आणि सगळी जमीन हलत होती. मामा दाराशी खुर्चीवर बसलेले, पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर ठेवलेले, दोन्ही हात काखेत घातलेले. भिंतीला नाही, दाराला नाही, कशालाच हात लावलेला नव्हता. मला बघून हसले, पण हात काढला नाही.

मुलीनं चहा आणला. कप त्यांच्या हातात न देता तिनं स्टुलावर ठेवला आणि मला म्हणाली, "निवल्यावर देते. मागच्या महिन्यात अप्पांनी तापलेलं पातेलं धरलं. फोड आला तरी कळलं न्हाय बघा त्यांना."

ती आत गेल्यावर मी बोलायला लागलो. मामा, त्या दिवशी, असं म्हणेपर्यंत त्यांनी मान खाली घातली. त्यांना तो दिवस नको होता. बहिऱ्या माणसानं मान खाली घातली की त्याला काही सांगता येत नाही. मी त्या वाकलेल्या डोक्याला सगळं सांगितलं, आणि ते कुठंच पोचलं नाही. मग मी पेपर सोडला आणि तो तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

मामांनी काखेतून उजवा हात काढून रेघेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"ही रेघ माजी हाय."

मी त्यांच्या समोर गुडघ्यावर बसलो, माझे ओठ दिसावेत म्हणून. "तुमचीच आहे. तिथंच आकडा घ्यायला पाहिजे होता. त्या दिवशी थांबलं नव्हतं, मामा. मला ऐकू येत होतं. मी खोटं बोललो."

त्यांनी ते पुन्हा वदवून घेतलं नाही. एकदाच कळलं. गिरणीवर एक बाई डबा घेऊन आली, पीठ घेऊन गेली. मामा माझ्या तोंडाकडेच बघत होते.

"म्हंजे हात बरा व्हता," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी तळहात वर केला. त्यावर फोडाचा पांढरा डाग होता. "तवा बरा व्हता," ते म्हणाले, आणि हात परत काखेत घातला.

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी मुलीला हाक मारली आणि मालकांना भाकरी खाल्ल्याशिवाय सोडू नको म्हणून सांगितलं. मी जेवलो. एस.टी.ची वेळ होईपर्यंत बसलो. ते त्यांचा तो एक कानडी शब्द म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो, आणि तो मागायचा मला काही हक्क नव्हता. ते म्हणाले नाहीत. निघताना तुकडा मला परत दिला. "ठेवा तुमच्याकडं," म्हणाले. एवढंच.

पावसाळ्यात मुलीचा फोन आला. मी जाईपर्यंत सगळं उरकलं होतं. तिनं फडक्यात गुंडाळलेली वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, अप्पांनी तुमच्यासाठी ठेवाय सांगितली होती.

आता मागच्या सीटच्या पायाशी कुणी बसत नाही. मी पत्र्यावर पाण्याची वाटी ठेवतो, पुढे येऊन बसतो, वेग चढवतो आणि मान वळवून पाण्याकडे बघतो. माझा हात मी लावून बघितला, त्याला काही कळत नाही. हलत असलं तर आकडा कापतो, मग दोन तास लागोत नाहीतर चार. शेवटी पाणी थांबतं. गिऱ्हाईक बाहेरून विचारतं, झालं का. मी इंजिन तसंच धरून आणखी थोडा वेळ बसून राहतो. आरशात रिकामी सीट असते.